बोटीच्या डिझेल इंजिनात वनस्पती तेलाचे इंधन कसे वापरावे

हर्णै, मिरकरवाडा किंवा ससून डॉक अशा कोणत्याही बंदरात पहाटे उभे राहिले, तर इंजिने सुरू होताना निघणारा काळा धूर आणि धक्क्यालगतच्या पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग या दोन गोष्टी चुकत नाहीत. हा धूर सगळ्यात आधी खलाशांच्या छातीत जातो आणि तवंग खाडीतल्या कालवांवर, तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांवर बसतो. वनस्पती तेलापासून केलेले इंधन या दोन्ही गोष्टी बऱ्याच प्रमाणात कमी करू शकते. मात्र ते टाकीत ओतण्यापूर्वी इंजिन, टाकी, नळ्या आणि समुद्रावरची दमट हवा यांचा नीट विचार करावा लागतो, कारण रस्त्यावर ट्रक बंद पडणे आणि वाऱ्यात, खडकाजवळ बोट बंद पडणे यांत मोठे अंतर आहे.

ही कल्पना नवीन नाही. रुडॉल्फ डिझेल यांच्या रचनेचे एक इंजिन १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. बोटींपुरते बोलायचे, तर ‘अर्थरेस’ नावाच्या तीन सांगाड्यांच्या नौकेने २००८ साली बायोडिझेलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि ती ६१ दिवसांच्या आत पूर्ण करून तेव्हाचा वेगाचा विक्रम मोडला. आपल्या कोकणातही उंडीचे कडू तेल आणि करंजाचे तेल पूर्वी दिव्यात जळत असे आणि होड्यांच्या लाकडाला लावले जात असे. तेव्हा तेल जळते की नाही, हा प्रश्न कधीच नव्हता. ते आजच्या इंजिनाला न बिघडवता कसे जाळावे, हा खरा प्रश्न आहे.

तेल आणि बायोडिझेल यांत गल्लत करू नये

या विषयातल्या बहुतेक चुका इथेच होतात. घाण्यातून निघालेले किंवा कढईतून उरलेले तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा दाटपणा साधारण २ ते ४.५ सेंटीस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असतो, तर बहुतेक वनस्पती तेलांचा ३५ ते ४० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहापट असतो. इतके दाट तेल नोझलमधून बारीक फवाऱ्याच्या रूपात बाहेर पडत नाही. त्याचे मोठे थेंब अर्धवट जळतात, नोझलच्या टोकावर कोळशासारखा थर धरतात, पिस्टनच्या रिंगा चिकटवतात आणि न जळलेले तेल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. तिथे ते हळूहळू घट्ट होत जाते. हे सगळे पहिल्या आठवड्यात दिसत नाही, आणि फसगत होते ती यामुळेच. सुरुवातीचे काही दिवस इंजिन उत्तम चालते, मालकाचा विश्वास बसतो, आणि काही शे तासांनी हेड उघडायची वेळ येते.

बायोडिझेल तयार करताना त्याच तेलाची मिथेनॉलशी रासायनिक क्रिया घडवून त्यातले ग्लिसरीन वेगळे काढतात. उरलेल्या द्रवाचा दाटपणा डिझेलच्या जवळ येतो, त्यामुळे सध्याच्या इंजिनात मोठा बदल न करता ते वापरता येते. म्हणून मासेमारीवर ज्याचे पोट आहे, त्याने बायोडिझेलचाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सरळ तेलावर इंजिन चालवणे शक्य आहे, पण ते थोड्याच बोटींवर आणि विशेष जोडणी करूनच, आणि त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

आणखी एक मर्यादा आरंभीच सांगितलेली बरी. हे सगळे फक्त डिझेल इंजिनाला लागू आहे. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी किंवा निव्वळ पेट्रोलवर चालणारी आउटबोर्ड इंजिने ठिणगीवर चालतात, आणि त्यांच्या टाकीत वनस्पती तेल किंवा बायोडिझेल अजिबात घालू नये.

किती टक्क्यांपासून सुरुवात करावी

मिश्रणातले बायोडिझेलचे प्रमाण ‘बी’ या अक्षरापुढच्या आकड्याने सांगतात. बी २० म्हणजे २० टक्के बायोडिझेल आणि ८० टक्के डिझेल, तर बी १०० म्हणजे शुद्ध बायोडिझेल. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १४६० या मानकानुसार पंपावरच्या डिझेलमध्येच ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकते. त्यामुळे बी ५ किंवा बी ७ पासून सुरुवात केल्यास इंजिनाला काही वेगळे जाणवणार नाही. तिथून बी १० आणि मग बी २० असे चढत जावे आणि प्रत्येक पायरीवर निदान पन्नास तास इंजिन चालवून पाहावे. इंजिन वॉरंटीत असेल, तर त्याच्या पुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंत परवानगी आहे ते आधी वाचावे.

बी २० हा टप्पा बहुतेकांसाठी योग्य मुक्काम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली रस्त्यावरच्या जड वाहनांच्या इंजिनांवरील अनेक चाचण्या एकत्र करून मांडलेल्या विश्लेषणानुसार, सोयाबीन तेलाच्या बी २० मुळे धुरातले कण सुमारे १० टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड सुमारे ११ टक्क्यांनी आणि न जळलेले हायड्रोकार्बन सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात, तर नायट्रोजनची ऑक्साइडे सुमारे २ टक्क्यांनी वाढतात. शुद्ध बायोडिझेलने कण जवळजवळ निम्मे होतात, पण नायट्रोजनच्या ऑक्साइडांची वाढही १० टक्क्यांपर्यंत जाते. फायद्याबरोबर येणारी ही उणी बाजू लपवण्यात अर्थ नाही. तरीही इंजिनाच्या खोलीत तासन्‌तास बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने काजळी कमी होणे ही फार मोठी गोष्ट आहे.

ताकदीचा हिशेबही मांडून ठेवावा. बायोडिझेलच्या एका लिटरमध्ये डिझेलपेक्षा साधारण ७ ते ८ टक्के कमी ऊर्जा असते. बी २० वर हा फरक दीड टक्क्याच्या आसपास राहतो आणि जाणवतही नाही. शुद्ध बायोडिझेलवर मात्र जिथे १०० लिटर डिझेल लागत होते, तिथे ११० लिटर धरून निघावे, आणि परतीच्या प्रवासासाठीचा राखीव साठा त्याच हिशेबाने वाढवावा.

इंधन कुठून घ्यावे आणि कसे पारखावे

खरेदी करताना विक्रेत्याकडे आयएस १५६०७ या मानकानुसार केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा. तो देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये. बायोडिझेलच्या नावाखाली स्वस्त औद्योगिक तेले आणि द्रावके विकण्याचे प्रकार आपल्याकडे झालेले आहेत. अशा मालाने इंजिन तर जातेच, शिवाय त्याचे पेट घेण्याचे तापमान कमी असल्यास बोटीवर आग लागण्याचा धोकाही वाढतो. खऱ्या बायोडिझेलचे हे तापमान १०० अंशांच्या वर असते, म्हणजे डिझेलपेक्षा ते बरेच सुरक्षित आहे.

मच्छीमार संस्थेच्या पंपावरून डिझेल घेणाऱ्यांनी एक व्यावहारिक प्रश्न आधी विचारून घ्यावा. डिझेलवरील कराचा परतावा संस्थेमार्फत घेतलेल्या डिझेलच्या नोंदीवर मिळतो. बाहेरून आणलेल्या बायोडिझेलची त्यात नोंद कशी होईल आणि आपल्या कोट्यावर काही परिणाम होईल का, हे संस्थेच्या सचिवाकडून स्पष्ट करून घेतल्याशिवाय मोठी खरेदी करू नये.

घरच्या घरी करण्याची एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या स्वच्छ बाटलीत अर्धे बायोडिझेल आणि अर्धे पाणी घालून दहा सेकंद जोराने हलवावे आणि बाटली ठेवून द्यावी. चांगले बायोडिझेल अर्ध्या तासाच्या आत पाण्यावर स्वच्छपणे वेगळे होते. दोहोंच्या मध्ये दह्यासारखा पांढरा थर टिकून राहिला, तर त्यात साबण किंवा अर्धवट क्रिया झालेले तेल आहे, असे समजून माल परत करावा. परीक्षेचा हा नमुना पुन्हा टाकीत ओतू नये.

स्वतः बायोडिझेल करावे का, असे अनेकजण विचारतात. कृती समजायला अवघड नाही. तेल गाळून, पाणी उडवून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवायचे, तेलाच्या साधारण एक पंचमांश मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश विरघळवून ते तेलात मिसळायचे, ढवळायचे, मग खाली बसलेले ग्लिसरीन काढून वरचे बायोडिझेल धुऊन कोरडे करायचे. परंतु मिथेनॉल हे विष आहे. त्याची वाफ घातक असते, पोटात गेले तर दृष्टी जाते आणि जीवही जातो. ते ६५ अंशांच्या आसपास उकळते आणि त्याची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही. ते बाळगायला परवाना लागतो. म्हणून जाळ्यांच्या खोपटात किंवा घराच्या पडवीत हा उद्योग करू नये, असे मी कळकळीने सांगतो. एखाद्या संस्थेने रसायनशास्त्र जाणणारा माणूस नेमून, वेगळ्या जागेत, आग आणि वायुवीजन यांची व्यवस्था करून छोटा प्रकल्प उभा केला, तर ती गोष्ट निराळी.

अशा प्रकल्पाला कच्चा माल कोणता, याचे उत्तर किनाऱ्यावरच आहे. हॉटेलांचे वापरून झालेले तेल हा सगळ्यात शहाणपणाचा स्रोत आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून, ज्या तेलातले एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले आहेत, ते खाण्यासाठी वापरता येत नाही, आणि असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी त्याच वर्षी ‘रुको’ हा उपक्रम सुरू झाला. हे तेल इंधनात गेले, की ते भज्यांच्या गाड्यावर परत येत नाही आणि गटारातून खाडीतही जात नाही. करंज आणि उंडी ही झाडे तर खाडीच्या काठाला, खाऱ्या वाऱ्यात वाढतात, आणि त्यांचे तेल खाण्याचे नसल्यामुळे कोणाच्या ताटातले काही कमी होत नाही. अडचण अशी, की उंडीच्या तेलात मुक्त मेदाम्ले, म्हणजे तेलातून सुटी झालेली आम्ले, पुष्कळ असतात. ती दोन-तीन टक्क्यांच्या वर असली, की वरच्या कृतीत बायोडिझेलऐवजी साबण तयार होऊ लागतो. त्यामुळे आधी आम्लाची एक वेगळी प्रक्रिया करून घ्यावी लागते. खोबरेल तेलाचा विचार सहज मनात येतो, पण ते २४-२५ अंशांच्या खाली गोठते आणि आजच्या भावात ते जाळणे परवडणारेही नाही.

बोट तयार करणे

इंधन बदलण्याआधीचे हे काम सगळ्यात महत्त्वाचे आहे, आणि घाईत नेमके हेच राहून जाते.

पहिली गोष्ट टाकी. बायोडिझेल हे चांगले द्रावक आहे. वर्षानुवर्षे टाकीच्या तळाला आणि भिंतींना धरलेला डिझेलचा काळा गाळ ते सोडवते आणि तो सगळा गाळ फिल्टरमध्ये येऊन अडकतो. म्हणून टाकी रिकामी करून, आतून पुसून, तळाचे पाणी पूर्ण काढून मगच सुरुवात करावी. टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची असेल, तर जास्त प्रमाणाचे मिश्रण तिच्यात ठेवू नये. जस्त, तांबे, पितळ, शिसे आणि कथील या धातूंच्या सान्निध्यात बायोडिझेल लवकर खराब होते आणि त्यात चिकट राळ तयार होते. स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनियम चालते. आपल्या बोटींवर इंधनाची नळी अनेकदा तांब्याची आणि कॉक पितळेचा असतो. बी २० पर्यंत त्याने लगेच बिघडत नाही, पण शुद्ध बायोडिझेलकडे जायचे असेल तर दोन्ही बदलावेत.

दुसरी गोष्ट रबर. जुन्या इंजिनांतल्या साध्या रबराच्या नळ्या, ओ-रिंगा आणि फ्युएल पंपाची सीले बायोडिझेलने फुगतात, मऊ पडतात आणि शेवटी झिरपू लागतात. विटॉन या इंधनाला टिकणाऱ्या खास रबराची सीले आणि त्याचे अस्तर असलेल्या नळ्या मिळतात, त्या बसवाव्यात. बी २० वर राहायचे असेल, तरी दर आठवड्याला प्रत्येक नळी बोटांनी दाबून पाहावी. चिकट किंवा लिबलिबीत लागणारी नळी त्याच दिवशी बदलावी. गरम सायलेन्सरवर पडणारा इंधनाचा थेंब समुद्रात फार महागात पडतो.

तिसरी गोष्ट फिल्टर आणि पाणी. फ्युएल पंपाच्या आधी पारदर्शक वाटी असलेला, पाणी वेगळे करणारा फिल्टर नसेल, तर तो बसवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. डिझेलपेक्षा कितीतरी पट अधिक पाणी बायोडिझेल स्वतःत धरून ठेवते, आणि समुद्रावरची हवा तर सदैव दमट. टाकी अर्धी रिकामी ठेवली, की रात्री तिच्या भिंतींवर दव धरते आणि ते पाणी इंधनात उतरते. अशा पाण्यात जीवाणू आणि बुरशी वाढून तपकिरी, बुळबुळीत साका तयार होतो. म्हणून बंदरात आल्यावर टाकी भरून ठेवावी, टाकीच्या हवेच्या नळीचे तोंड पावसाच्या आणि लाटांच्या बाजूला नाही ना ते पाहावे, आणि दर फेरीआधी वाटीचा आणि टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी सोडावे. सोडलेले पाणी डब्यात घ्यावे, खाडीत नाही.

पहिल्या महिन्यात बोटीवर किमान तीन सुटे फिल्टर, ते बदलायचा पाना आणि इंजिनाच्या इंधन-नळ्यांत अडकलेली हवा काढता येणारा माणूस, हे तिन्ही असल्याखेरीज धक्का सोडू नये. पहिला फिल्टर दहा तासांनी, दुसरा पन्नास तासांनी बदलावा आणि नंतर नेहमीच्या वेळापत्रकावर यावे. चालत्या इंजिनाचे फेरे कमी होऊ लागले, लोड घेताना ते दबले, तर फिल्टर चोक होत आहे असे समजावे आणि पूर्ण बंद पडण्याची वाट न पाहता खुल्या पाण्यात असतानाच तो बदलून घ्यावा.

मिश्रण कसे करावे

बायोडिझेल डिझेलपेक्षा जड असते. त्यामुळे टाकीत आधी डिझेल आणि त्यावर बायोडिझेल ओतावे. उलट केले, तर जड बायोडिझेल तळाशी बसून राहते आणि इंजिनाला सुरुवातीला जवळजवळ शुद्ध बायोडिझेलच मिळते. २०० लिटरच्या टाकीत बी २० करायचे असेल, तर १६० लिटर डिझेलवर ४० लिटर बायोडिझेल जाळीतून गाळून ओतावे. बोटीच्या हलण्याने ते छान मिसळते. एकदा मिसळले, की पुन्हा वेगळे होत नाही.

थंडीचा विचार आपल्या किनाऱ्यावर फारसा करावा लागत नाही, पण अगदीच सोडूनही देता येत नाही. हॉटेलांच्या तेलात पामतेल जास्त असते आणि त्याचे शुद्ध बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच धूसर होऊ लागते. पौष-माघातल्या पहाटे खाडीच्या आतल्या भागात पारा तिथपर्यंत उतरतो. बी २० मध्ये ही अडचण सहसा येत नाही.

सरळ तेल वापरायचेच असेल तर

यासाठी दोन टाक्या लागतात. लहान टाकीत डिझेल आणि मोठ्या टाकीत बारीक गाळलेले, पाणी पूर्ण काढलेले तेल. इंजिन डिझेलवर सुरू करायचे, ते तापले की इंजिनाच्याच गरम पाण्यावर तेल ७० ते ८० अंशांपर्यंत तापवून तीन तोंडांच्या कॉकने तेलाकडे वळवायचे, आणि बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे पुन्हा डिझेलवर आणून पंप आणि नोझल धुऊन घ्यायचे. ८० अंशांनाही तेल डिझेलपेक्षा तिप्पट-चौपट दाट असते, हे लक्षात ठेवावे.

बोटीच्या बाबतीत इथे एक अडचण आहे, जी गाड्यांवर प्रयोग केलेल्यांच्या लक्षात येत नाही. ज्या इंजिनात समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरते, ते मुद्दाम ५०-६० अंशांवर ठेवलेले असते, कारण त्याहून तापल्यास आत क्षाराचा थर धरतो. इतक्या कोमट पाण्यावर तेल पुरेसे तापूच शकत नाही. म्हणून ज्या इंजिनाला गोड्या पाण्याची वेगळी टाकी आणि उष्णता बदलणारी जोडणी आहे, त्याच इंजिनावर हा विचार करावा. त्यातही फ्युएल पंप जुन्या पद्धतीचा, एका ओळीतल्या प्लंजरांचा असावा. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या नव्या पद्धतीच्या इंजिनात, सरळ तेल कधीही घालू नये. इंजिन ऑइल निम्म्या तासांवर बदलावे, आणि जाळे ओढताना इंजिन जड लोडवर आहे तेव्हाच तेल वापरावे, कारण मंद फेऱ्यांवर, जाळे सोडून बसलेले असताना, ज्वलनकक्ष थंड राहतो आणि नोझलवर कोळसा धरतो.

सांडले तर

बायोडिझेल पाण्यात डिझेलपेक्षा कितीतरी वेगाने कुजून नाहीसे होते, आणि खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना ते वापरावेसे वाटण्याचे हेच सर्वांत सबळ कारण आहे. परंतु ते सांडायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. तेल वनस्पतीचे असले, तरी ते पक्ष्यांची पिसे चिकटवते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. शिवाय बी २० मध्ये ८० टक्के डिझेलच असते. बोटीच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी डब्यात भरून बंदरावर उतरवण्याची सवय या इंधनाबरोबरच लावून घ्यावी. बायोडिझेलने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अशी तेले हवेशी क्रिया होऊन आपोआप तापतात आणि चिंध्या पेटू शकतात. त्या पाण्यात बुडवून किंवा पसरून वाळवून मग टाकाव्यात.

पावसाळ्यात बोट वर काढताना

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोट त्याहूनही अधिक काळ उभी राहते. बायोडिझेल जुने होते, आंबटसर वास धरते, चिकट होते. सहा महिन्यांपेक्षा जुना साठा वापरू नये. मे महिन्याच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत मिश्रण संपवून शेवटची टाकी निव्वळ डिझेलची करावी, त्यावर इंजिन तासभर चालवावे आणि मगच बोट वर घ्यावी. टाकी डिझेलने काठोकाठ भरून झाकण घट्ट करावे. नारळी पौर्णिमेच्या आधी इंजिन सुरू करताना प्रथम टाकीच्या तळाचे पाणी सोडावे, फिल्टर नवा घालावा, नळ्या आणि सीले तपासावीत, एक फेरी डिझेलवरच करून यावी, आणि दुसऱ्या फेरीपासून ताज्या बायोडिझेलचे मिश्रण पुन्हा सुरू करावे.